नेत्राच्या खोलीतला कॅचर

मिलर्स हरले की श्रीरंगच्या अंगात यायचं. आणि मिलर्स तर उठल्यासुटल्या हरायचे, तेव्हा २००६ च्या त्या उन्हाळ्यात गडी जवळजवळ कायमच घुमत होता म्हणा ना. ऑफिसात गप्प, घरात गप्प, पण मैदानाच्या लाकडी बाकावर बसला की सदाशिव पेठेतली सगळी वाचा एकदम फुटायची.

मिलर्स म्हणजे टीव्हीवर दिसणारा बडा बेसबॉल संघ नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अमेरिकेतल्या पार्सिपनी गावाजवळचा छोट्या लीगमधला संघ. खेळाडू पगारी, पण पगार असा की पोरांना साधी खोली भाड्यानं घेणं परवडायचं नाही. मग गावातलीच कुटुंबं उन्हाळ्यापुरतं एकेकाला आपल्या घरी ठेवून घ्यायची, अशी तिथली पद्धत होती. संघ दोन वर्षं तळाला होता. तळाच्या खाली आणखी एखादी जागा असती तर मिलर्सनी तीही पटकावली असती.

तिसऱ्या बेसमागच्या बाकावर हे तिघं बसायचे. श्रीरंग पुण्याचा, एका औषध कंपनीत डेटाबेस सांभाळणारा. शशिकांत नागपूरचा, त्याच कंपनीतला. आणि यतीन मुंबईहून नुकताच आलेला, अजून लग्नाचा. क्रिकेटवर वाढलेली ही माणसं कुणीतरी फुकट तिकिटं दिली म्हणून एकदा आली आणि अडकली. हा बुडता संघ पुन्हा उभा कसा करायचा, यावर त्यांचा वाद दर मॅचला नव्यानं पेटायचा. शशिकांत म्हणायचा, दोन नावाजलेले म्हातारे आणा बे, लोक तिकिटं काढतील, बाकी सगळं आपोआप होते. यतीनचं म्हणणं, पिचर घ्या यार, नुसते पिचर. आणि श्रीरंगचं उत्तर ठरलेलं असायचं: मुळापासून. खोड कुजलेलं ठेवून वर कलमं कसली बांधताय? आता हे कुजलेलं खोड कोण, तर कॅचर.

कॅचर म्हणजे आपला विकेटकीपरच, फक्त मॅचभर उकिडवा बसलेला. पिचरचा, म्हणजे बॉलरचा, प्रत्येक बॉल त्यानं झेलायचा आणि तिन्ही बेस धावून रन काढायला येणाऱ्याला होम प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागीच, अडवायचं. मिलर्सचा कॅचर होता कोडी, नेब्रास्काचा, सव्विशीचा, रुंद खांद्यांचा पोरगा. बॅटिंग म्हणाल तर आनंदीआनंद. तो बॅट घेऊन निघाला की शशिकांत बाथरूमला जाऊन यायचा. काही चुकत नाही, म्हणायचा, आणि खरंच काही चुकायचं नाही.

जुलैच्या सुरुवातीला गसनं सगळ्या चाहत्यांना फायर स्टेशनच्या हॉलमध्ये बोलावलं. गस म्हणजे मिलर्सचा मालक आणि मॅनेजरही, सत्तरी गाठलेला, कायम टोपीतला माणूस. म्हणाला, माझं डोकं चालेनासं झालंय, आता तुम्हीच सांगा काय करू. श्रीरंगला एवढं आमंत्रण पुरे होतं. तो उभा राहिला आणि अस्खलित इंग्रजीत त्यानं असं काही भाषण ठोकलं की त्याला ओळखणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. मुळापासून सुरुवात करा, पहिला कॅचर घालवा, तरणा पोरगा आणा, दोन वर्षं हरा पण पाया घाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीरंग खाली बसला तेव्हा त्याची छाती इंचभर फुगलेली होती.

त्याची बायको सुलेखाही आली होती, पण ती केवळ नंतर भाजी घ्यायला जायचं होतं म्हणून. गसनं सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाला, जाता जाता आणखी एक. आमच्या एका पोराला ठेवून घेणारं कुटुंब फ्लोरिडाला निघालंय. कुणाकडे उन्हाळ्यापुरती खोली आहे का? आत्तापर्यंत टाळ्या वाजवणारा हॉल बुटांकडे बघायला लागला. आणि श्रीरंगच्या शेजारून एक बांगड्यांचा हात वर गेला. सुलेखा म्हणाली, आमच्या मुलीची खोली रिकामीच आहे.

गसनं टोपी काढली. थँक यू मॅम, म्हणाला, आपला कॅचर आहे, कोडी. यतीनला जो ठसका लागला तो पार्किंगपर्यंत थांबला नाही.

गाडीत श्रीरंग धुमसत होता. "मला विचारायचंस तरी."

"तू त्याला हाकलायला निघालास तेव्हा कुणाला विचारलं होतंस?" सुलेखा म्हणाली, आणि विषय संपला.

नेत्रा कॅलिफोर्नियात शिकत होती, सुट्टीतही तिकडेच नोकरीला होती. तिला फोन केला तर ती आधी बराच वेळ हसली. "बाबा, यू गेव्ह माय रूम टु अ कॅचर?" भिंतीवरची पोस्टर्स मात्र त्यानं काढायची नाहीत, एवढीच तिची अट होती.

कोडी एक मोठी बॅग खांद्यावर टाकून आला. दाराशी चपला दिसल्या तसे त्यानं न सांगता बूट काढले, आणि सुलेखाच्या मनात तो तिथेच बसला. तिनं त्याला काकू म्हणायला शिकवलं. त्याच्या तोंडचं मॅम काही सुटेना, मग तो तिला 'काकू मॅम' म्हणायला लागला. पहिल्याच जेवणात त्यानं सगळं सरळ सांगितलं. गसनं त्याला जुलैच्या शेवटच्या रविवारपर्यंत मुदत दिली होती. त्यात जमलं तर उरलेला सीझन, नाहीतर नमस्कार. आणि छोट्या लीगमधूनही काढलेल्या सव्वीस वर्षांच्या कॅचरला दुसरं कुणी घेत नाही. वडील धान्याच्या कोठारावर कामाला होते, तिथे त्याच्यासाठी जागा धरून ठेवलेली होती. सहा वर्षांचा असल्यापासून तो फक्त हेच करत आला होता, आणि त्या रविवारनंतर ते कदाचित संपणार होतं. हे सगळं त्यानं हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं आणि वरण मागून घेतलं. 

पुढचा घोळ झाला तो दोन्हीकडच्या चांगल्या वळणांमुळे. सुलेखाला लहानपणापासून शिकवलेलं, पाहुण्याचं पान रिकामं दिसता कामा नये. कोडीला त्याच्या आजीनं शिकवलेलं, ताटात काही टाकायचं नाही. झालं! तो ताट स्वच्छ करी, ही वाढी. ही वाढी, तो ताट स्वच्छ करी. थालीपीठ आणि लोण्याचा गोळा, भरली वांगी, बटाट्याची भाजी आणि पुऱ्या, रविवारी घरी बांधलेल्या चक्क्याचं श्रीखंड. बिचारा 'येस, काकू मॅम' म्हणत घाम पुसायचा आणि खायचा. सुलेखा सगळ्यांना कौतुकानं सांगायची, पोराला आपलं जेवण काय आवडतं म्हणून! आपल्याकडे नको असलं की पानावर हात आडवा धरतात, हे त्या नेब्रास्कावाल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगावं लागतं, हेही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मधल्या एका शनिवारी सकाळी मिलर्सचा एक पिचर सरावासाठी घरी आला. डॅरेल नावाचं एकोणीस वर्षांचं लांबोळकं पोरगं, हाताला बेफाम वेग आणि दिशेचा पत्ता नाही. मागच्या अंगणात कोडी गॅरेजच्या भिंतीपुढे उकिडवा बसला आणि श्रीरंगला म्हणाला, या सर, माझ्या मागे उभे राहा. श्रीरंग कॉफीचा मग घेऊन मोठ्या ऐटीत जाऊन उभा राहिला. तोपर्यंत त्यानं हा खेळ फक्त बाजूनं पाहिला होता.

डॅरेलनं हात फिरवला. श्रीरंगला बॉल दिसलाच नाही. ऐकू मात्र आला. कापड टरकावं तसा एक आवाज थेट त्याच्या तोंडावर चालून आला, कॉफी सदऱ्यावर सांडली, आणि 'आई गं' म्हणून त्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा बॉल कोडीच्या ग्लोव्हमध्ये होता आणि कोडी जागचा हललाही नव्हता. पुढचा बॉल जमिनीत आपटून उसळला, तर कोडीनं गुडघे टाकून तो छातीवर घेतला. त्याच्या पुढचा डोक्यावरून निघाला होता, तो त्यानं हात उंचावून हवेतच थांबवला. पोरगं वेडंवाकडं फेकत होतं आणि हा प्रत्येक बॉल असा घेत होता, जणू तिथेच यायचं ठरलं होतं. ग्लोव्ह मिटताना एक मऊ आवाज व्हायचा. दर बॉलनंतर तो डॅरेलला काहीतरी पुटपुटायचा, आणि हळूहळू त्या पोराचे खांदे खाली आले आणि बॉल सरळ यायला लागले.

श्रीरंग तिथे किती वेळ उभा होता कोण जाणे. सुलेखानं दोनदा हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही. बाकावर बसून आपण ज्याला कुजलेलं खोड म्हणालो, ते हे आहे? देवळात गाभाऱ्यापाशी गेल्यावर वाटतं तसं त्याला वाटत होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. नंतर ग्लोव्ह काढला तेव्हा कोडीचा डावा तळवा दिसला. आतून सगळा काळानिळा होता, अंगठा दुप्पट सुजलेला. दुखतं का, श्रीरंगनं विचारलं. फक्त सकाळी, कोडी म्हणाला, आणि त्याच हातानं त्यानं लिंबाच्या सरबताचा पेला उचलला.

पण श्रीखंडानं आपलं काम केलं होतं. पुढच्या मॅचला कोडी उठायला जड झाला. दुसऱ्या बेसकडे बॉल फेकायला त्याला क्षणभर उशीर व्हायला लागला, आणि समोरच्या संघानं तेवढ्यात पुढचा बेस गाठून त्या क्षणाचा पुरता फायदा उठवला. शशिकांत म्हणाला, "काय रे हे, गणपती बसवला का प्लेटमागं? तू म्हणत होतास तेच खरं, घालवा त्याला." श्रीरंगनं वळून पाहिलं. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून इतकं ओंगळ लागेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तो पहिल्यांदाच पूर्ण मॅच एक अक्षर न बोलता बसला, तेव्हा यतीननं त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

घरी आल्या आल्या श्रीरंगनं कोडीला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि रिकाम्या ताटावर हात आडवा धरून दाखवला. हे केलंस की झालं, म्हणाला, जगातली कुठलीही मराठी बाई थांबते. कोडी आधी त्याच्याकडे आणि मग ताटाकडे बघत राहिला. एवढंच, त्यानं विचारलं. एवढंच, श्रीरंग म्हणाला. त्या दिवशी सुलेखा तिसरी पोळी घेऊन आली तेव्हा एक रुंद, सुजलेला पंजा ताटावर आडवा झाला. ती थबकली. मग काय घडत होतं ते तिच्या ध्यानात आलं आणि तिनं डोक्यालाच हात लावला. "अरे देवा, मी पोराला मारायलाच निघाले होते!" त्यानंतर भाकरी, पालेभाजी आणि ताक. कोडी रोज हात आडवा धरायचा, आणि ते शिकल्याचा त्याला लहान मुलासारखा अभिमान वाटायचा.

शेवटचा रविवार उजाडला तो रणरणत्या उन्हाचा. मॅच दुपारची होती. आज सुलेखाही बाकावर येऊन बसली. मैदान अर्धं भरलं होतं, म्हणजे मिलर्सच्या मानानं तुडुंब. डॅरेल पिचिंगला होता आणि कोडीसमोर तो असा फेकत होता की समोरचे फलंदाज एकमेकांची तोंडं पाहत होते. कोडीची बॅटिंग जशीच्या तशी होती, शशिकांत दोनदा बाथरूमला जाऊन आला. पण प्लेटमागे तो हलका झाला होता, उठत होता, आणि मिलर्स चक्क एका रननं पुढे होते.

शेवटची, नववी इनिंग आली. दोन गडी बाद झाले होते, तिसरा गेला की मॅच संपत होती, आणि समोरच्यांचा एक बैलासारखा माणूस दुसऱ्या बेसवर उभा होता. फटका बसला आणि बॉल लांब उजवीकडे जमिनीवर पडला. बैल सुटला, बरोब्बर श्रीरंगच्या नाकासमोरून तिसरा बेस ओलांडून प्लेटकडे. एक रन झाली तर बरोबरी, आणि मिलर्सचा इतिहास असा की बरोबरी म्हणजे हारच. उजवीकडच्या फील्डरनं सगळा जीव ओतून बॉल फेकला. कोडी प्लेटसमोर गुडघा रोवून बसला. बॉल आणि बैल एकदमच पोचणार होते, आणि कोडीनं बैलाकडे बघितलंसुद्धा नाही. त्याची नजर बॉलवरून हलली नाही. त्या काळी असं आडवं राहायला नियमात मुभा होती, आणि अंगावर येणाऱ्यालाही होती. बैल पूर्ण वेगानं त्याच्या छातीत घुसला, आणि तो आवाज बाकापर्यंत आला.

धुळीत दोघं पडले होते.  सुलेखानं श्रीरंगचं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले. बैल उताणा होता. कोडी पोटावर, न हलता. मग धुळीतून हळूहळू तो डावा हात वर आला, आणि त्या ग्लोव्हच्या टोकाशी पांढरा बॉल दिसला. सुटला नव्हता. अंपायरनं मूठ उगारली, आउट, आणि सगळं मैदान उभं राहिलं. शशिकांत बाकावर चढून नाचत होता, यतीन कुणातरी अनोळखी म्हाताऱ्याला मिठी मारून उभा होता. श्रीरंग मात्र बसलेलाच राहिला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. पन्नास वर्षांच्या आयुष्यात त्यानं मोठे मोठे सामने पाहिले होते. पण समोरून मरण आल्यासारखं येत असताना आपल्या कामावरून नजर न काढणारा माणूस इतक्या जवळून त्यानं पाहिला नव्हता. "बघितलंस?" एवढंच तो सुलेखाला पुन्हापुन्हा म्हणत होता.

मॅच संपल्यावर गसनं कोडीला खोलीत बोलावलं. श्रीरंग आणि सुलेखा गाडीपाशी थांबले. आता कसला काढतोय, श्रीरंग म्हणाला, काढून दाखवू दे. बऱ्याच वेळानं कोडी आला, थोडा लंगडत, बॅग खांद्यावर. काय म्हणाला गस, विचारलं तर हसला. "भूक लागलीय, काकू मॅम."

घरी पोचले तेव्हा अंगणात अजून ऊन होतं. सुलेखानं आनंदाच्या भरात पुऱ्या तळल्या, श्रीखंडाचा डबा काढला. एक दिवस चालतंय रे, म्हणाली. कोडीनं ताट संपवलं. ती पुऱ्या घेऊन आली आणि नव्या सवयीनं क्षणभर थांबली, पंजा आडवा येईल म्हणून. आला नाही. तिनं वाढलं. त्यानं खाल्लं. ती पुन्हा आली, पुन्हा थांबली. कोडीचे दोन्ही हात मांडीवर होते. तिला वाटलं, आज पोरगं खुशीत आहे. श्रीरंगनं मात्र हातातला घास खाली ठेवला. ज्याला उद्या उठून प्लेटमागे बसायचं आहे, तो हात आडवा धरतो.

"काढलं तुला," श्रीरंग म्हणाला.

कोडीनं मान डोलावली. गसनं आठवड्यापूर्वीच एकवीस वर्षांचा एक कॅचर ठरवून ठेवला होता, तो उद्या येणार होता. आजच्या मॅचनं त्यात काही फरक पडणार नव्हता. गस रडला, कोडी म्हणाला, चांगला माणूस आहे, पण त्याला मुळापासून सुरुवात करायची आहे. सुलेखाच्या हातातलं ताट टेबलावर आदळलं.

श्रीरंगच्या कानात त्याचेच शब्द वाजले. त्यानं कसंबसं तोंड उघडलं. त्या दिवशी हॉलमध्ये, तो म्हणायला लागला, ते मुळापासून वगैरे, ते मीच...

"मला माहीत आहे, सर," कोडी म्हणाला. "मी मागच्या स्वयंपाकघरात कॉफी करत होतो. सगळं ऐकलं. नंतर गस आत आला, म्हणाला, त्याच माणसाच्या बायकोनं हात वर केलाय, नको असेल तर क्लबहाउसमध्ये झोप. मीच म्हटलं, जातो."

"का पण?" श्रीरंगनं विचारलं.

 कोडी म्हणाला, सातव्या इनिंगनंतर बाकं रिकामी होतात. आम्ही दहा रननं मागे असलो तरी तिसऱ्या बेसमागचे तुम्ही तिघं तेवढे उरता. तुमची भाषा मला कळायची नाही, माझं नाव तेवढं कळायचं. "मला वाटलं, इतका चिडूनही जो शेवटपर्यंत उठत नाही, त्याच्या घरी राहून बघावं."

ज्याला आपण नको आहोत, त्याच माणसाच्या घरी हे पोरगं जाणूनबुजून आलं. त्याच्या मुलीच्या खोलीत झोपलं, त्याच्या पंगतीला जेवलं, त्याच्याकडे एकदाही वाकडं पाहिलं नाही. श्रीरंग थक्क होऊन त्याच्याकडे बघत राहिला. प्लेटवरच्या त्या धडकेपेक्षा हे मोठं होतं, आणि हे बघायला मैदानात कुणी नव्हतं.

सुलेखा पदरानं डोळे टिपत उभी होती. लग्न झाल्यापासून श्रीरंगनं त्या घरात कधी कुणाला वाढलं नव्हतं. तो उठला. त्यानं टेबलावरचं पुऱ्यांचं ताट उचललं, कोडीच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि एक पुरी त्याच्या पानात ठेवली. मग थांबला, त्याच्या हाताकडे बघत.

कोडीनं हात आडवा धरला नाही. श्रीरंगनं आणखी एक वाढली.